पुनर्वसनाची खातेवही

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी पेढीवर नवी चोपडी पुजली जाते. तिच्या पहिल्या पानावर कुंकवाचे स्वस्तिक असते, वर ‘शुभ-लाभ’ लिहिलेले असते. पण नवी चोपडी उघडण्यापूर्वी जुनी मिटवावी लागते, आणि ती मिटवताना गल्ल्यातून किती गेले एवढेच पाहून कोणताही व्यापारी उठत नाही. किती गेले, किती आले आणि शिल्लक काय राहिली, ह्याचा मेळ बसल्यावाचून त्याचे वर्ष संपत नाही.

पेढीवरचे हे साधे शहाणपण एका बाबतीत मात्र राज्यकर्त्यांना आणि दानशूर मंडळींना फार उशिरा सुचले. घरदार टाकून, जीव मुठीत घेऊन आलेल्या कुटुंबाला तुम्ही तंबू दिलात, शिधा दिलात, कर्ज दिलेत, जमीन दिलीत. पुढे ते कुटुंब उभे राहिले का? राहिले असेल तर ते तुमच्या मदतीने, की मदतीवाचूनही राहिलेच असते? आणि कोसळले असेल तर दोष कुटुंबाचा, की मदतीचा? मी इतिहासाचा विद्यार्थी आहे. अर्थशास्त्राची गणिते मला येत नाहीत. तथापि फाळणीनंतरच्या पुनर्वसनाची हकीकत वाचण्याचा नाद मला पुष्कळ वर्षे आहे, आणि ती वाचताना हे प्रश्न माझ्या मानगुटीवर बसलेले असतात.

१९५१ च्या शिरगणतीत पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांची संख्या सुमारे ७३ लाख भरली. १९४७ च्या डिसेंबरात एकट्या कुरुक्षेत्राच्या छावणीत तीन लाखांच्या आसपास माणसे होती. ज्या भूमीवर अठरा अक्षौहिणी सैन्य उतरल्याचे आपण लहानपणापासून ऐकतो, तिथे ह्या वेळी तंबूंचे शहर उभे राहिले. एवढ्या लोकांना रोज दोन वेळा जेवू घालणे हेच मोठे काम होते, आणि त्या धांदलीत खातेवहीची एकच बाजू लिहिली जावी हे समजण्यासारखे आहे. किती पोती पीठ, किती घोंगड्या, किती तंबू. पण लोकांना तंबूत ठेवून भागणार नव्हते. सरकारी शिध्यावर जगणाऱ्या माणसाला केव्हातरी स्वतःच्या चुलीपाशी परत न्यावयाचे होते.

पंजाबात हे काम झाले ते मुख्यतः जमिनीच्या जोरावर. हिंदू आणि शीख शेतकऱ्यांनी तिकडे सुमारे ६७ लाख एकर जमीन मागे टाकली होती. इकडून गेलेल्या मुसलमान शेतकऱ्यांची जमीन भरली सुमारे ४७ लाख एकर. शिवाय तिकडची पुष्कळशी जमीन कालव्याच्या पाण्याची, इकडची कोरडी. ह्या विषम वाटपाचे गणित तरलोक सिंग ह्या अधिकाऱ्याने सोडवले. त्याने ‘प्रमाण एकर’ नावाचे माप धरले: ज्या जमिनीत दहा-अकरा मण धान्य पिकते तो एक प्रमाण एकर, मग ती जमीन प्रत्यक्षात कितीही असो. नंतर कपात ठरली. लहान शेतकऱ्याची चौथाई कापली, आणि पाचशे एकरांच्या वरच्या जमिनीतून शेकडा ९५ पर्यंत कापली. दावे पडताळले ते त्याच गावाहून आलेल्या लोकांसमक्ष. शेजाऱ्यासमोर खोटे बोलणे कठीण जाते. १९४९ च्या नोव्हेंबरपर्यंत सुमारे अडीच लाख वाटपे झाली. मला ह्यात विशेष वाटते ते हे, की तरलोक सिंगाने किती एकर दिले ह्यापेक्षा त्यातून किती पिकेल ह्याचा विचार आधी केला. माप घेणाऱ्याची नजर कुटुंबाच्या कणगीवर होती.

आपल्या महाराष्ट्राच्या वाट्याला आले ते सिंधी. त्यांना मिळण्यासारखी जमीन इथे नव्हती. कल्याणजवळ महायुद्धाच्या काळातली लष्करी छावणी रिकामी होती. तिच्या बराकींत सुमारे एक लाख माणसे उतरली. १९४९ च्या ऑगस्टात गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी ह्यांच्या हस्ते त्या वस्तीचे उल्हासनगर असे नामकरण झाले. बायका बराकीत पापड लाटू लागल्या आणि पोरे ते घेऊन लोकलने मुंबईला जाऊ लागली. सिंधी फेरीवाला खरेदीच्याच भावाला माल विकतो आणि रिकामे पोते किंवा डबा हाच त्याचा नफा, असे त्या वेळी सांगत. ह्या गोष्टीत अतिशयोक्ती किती ते सोडून देऊ. पण वीस-पंचवीस वर्षांत त्या बराकींभोवती एक उद्योगनगर उभे राहिले हे आपण डोळ्यांनी पाहिले आहे.

उत्तरेत आणखी दोन प्रयोग झाले. दिल्ली-अंबाला रस्त्यावर, दलदलीच्या जागेत, सुरेंद्रकुमार डे ह्या अमेरिकेत शिकलेल्या इंजिनियराने १९४८ मध्ये निलोखेडी वसवायला घेतली. फुकट शिध्याऐवजी हाताला काम, आणि कामाला शिक्षणाची जोड, ही त्याची कल्पना. दुसरा प्रयोग फरीदाबादचा. बन्नू, कोहाट, डेरा इस्माइलखान इकडचे निर्वासित सरकारने नेमून दिलेल्या ठिकाणी जावयास तयार नव्हते. १९४९ पासून दिल्लीजवळ त्यांच्यासाठी नवे गाव बांधण्याचे काम सुरू झाले. मंडळाचे अध्यक्ष होते राजेंद्रप्रसाद, आणि पंडित नेहरू त्याच्या बैठकांना जातीने हजर राहत. कमलादेवी चट्टोपाध्यायांच्या सहकारी संघाने आग्रह धरला की घरे कंत्राटदारांकडून बांधून न घेता निर्वासितांनीच बांधावी. ज्यांनी आयुष्यात कधी कुदळ धरली नव्हती अशा दुकानदारांनी आणि कारकुनांनी विटा वाहिल्या आणि हजारो घरे उभी केली. त्या काळी पंजाबात निर्वासितांना ‘शरणार्थी’ म्हणत. त्यांनी तो शब्द झिडकारला आणि आपल्याला ‘पुरुषार्थी’ म्हणा असे सांगितले.

पुढे फरीदाबादचा कारभार सरकारी खात्याच्या चाकोरीत गेला, सहकारी संस्थांची कामे आटली आणि त्या ढासळल्या. शहर मात्र वाढले, कारखाने आले. मग हा प्रयोग फसला म्हणावयाचे की साधला? त्या धडपडीत तरुणपणी सामील झालेल्या लक्ष्मीचंद जैनांनी १९९८ मध्ये फरीदाबादवर पुस्तक लिहिले, त्यातही अभिमान आणि हळहळ शेजारी शेजारी आहेत. तुम्ही कारखान्यांची धुराडी मोजाल तर एक उत्तर मिळेल, स्वतःच्या मालकीच्या सहकारी संस्था मोजाल तर दुसरे.

निलोखेडीच्या अनुभवातून देशभरची समूह-विकास योजना निघाली. २ ऑक्टोबर १९५२ रोजी ती सुरू झाली आणि डे तिचे प्रमुख झाले. त्याच महिन्यात नियोजन मंडळाने एक वेगळी मूल्यमापन संघटना काढली. योजना चालवणारे हात वेगळे आणि तपासणारे डोळे वेगळे, हे त्यामागचे तत्त्व. त्या संघटनेची सूत्रे सुरुवातीच्या काळात पुण्याचे प्राध्यापक द. गो. कर्वे ह्यांच्याकडे होती, हे आपल्याकडे फारसे कुणाच्या लक्षात नसते. चोपडी लिहिणाऱ्याने तीच तपासू नये हे सरकारदरबारी मान्य झाले, ही लहान गोष्ट नव्हे.

* * *

आता पूर्वेकडे वळतो, कारण खातेवहीचा खरा कस तिथे लागला.

पूर्व बंगालमधून माणसे एका लोंढ्याने आली नाहीत; ती वर्षानुवर्षे येतच राहिली. १९५८ पर्यंत त्यांची संख्या ४० लाखांच्या वर गेली. पंजाबाप्रमाणे इकडे लोकसंख्येची सरसकट अदलाबदल झाली नव्हती, त्यामुळे वाटून देण्यासारखी मोकळी जमीन नव्हती. १९५० च्या नेहरू-लियाकत कराराने तर ही माणसे परत जातील असेच गृहीत धरले होते. मागे राहिलेल्या मालमत्तेची भरपाई देणारा १९५४ चा कायदा पश्चिम पाकिस्तानातून आलेल्यांपुरता होता. बंगाल्यांना त्यातून काही मिळाले नाही.

आणि तरीही त्या काळात दिल्लीपासून मुंबईपर्यंत एक तुलना हटकून ऐकू येई: पंजाबी बघा, कसा कंबर कसून उभा राहिला, बंगाली मात्र छावणीत बसून शिधा खातो आणि रडतो. योजना तपासावयाची सोडून माणसालाच तपासण्याचा हा प्रकार होता. ह्या तुलनेत दोघांच्या खात्यांवरची आरंभीची शिल्लक कुणी पाहिलीच नाही. एकाला दोन वर्षांत शेत मिळाले. दुसऱ्याला दहा वर्षे ‘तुम्ही परत जाणार’ असे सांगितले गेले. जो बंगाली आळशी म्हणून हिणवला गेला, त्यानेच कलकत्त्याच्या दक्षिण टोकाला, बहुधा सरकारच्या मनाविरुद्ध, विजयगडसारख्या वसाहती बांधल्या. रस्ते आखले, शाळा काढल्या. १९५० च्या अखेरपर्यंत अशा १४९ वसाहती उभ्या राहिल्या होत्या. आणि निलोखेडी वसवणारा तो डे कुठला? तो सिल्हेटचा बंगालीच!

१९५८ मध्ये दंडकारण्य प्रकल्प सुरू झाला. ओरिसातले कोरापुट आणि कालाहंडी, मध्य प्रदेशातले बस्तर, अशा अफाट मुलखात जंगल साफ करून बंगाली निर्वासितांना वसवावयाचे होते. रामाच्या वनवासामुळे ज्या अरण्याचे नाव घरोघरी ठाऊक आहे तेच हे. बंगालमधल्या छावण्या बंद होऊ लागल्या. जो जाणार नाही त्याचा शिधा बंद. नदी, खाडी, भात आणि मासळी ह्यांत जन्म काढलेल्या माणसांना खडकाळ माळावर सहा-सात एकर जमीन मिळाली. साफ केलेल्या जमिनीचा चौथा हिस्सा आदिवासींसाठी राखला होता. पण ज्या रानावर ते पिढ्यान् पिढ्या जगले ते रानच तोडले गेले, ह्याची नोंद कोणत्या रकान्यात करावी हे सरकारला सुचले नव्हते.

प्रकल्पाचे अहवाल आकड्यांनी भरलेले असत. इतके एकर साफ, इतके मैल रस्ता, इतकी गावे, इतक्या विहिरी. ह्या आकड्यांच्या पलीकडे पाहिले ते प्रकल्पाच्याच अध्यक्षाने. शैवालकुमार गुप्त हे जुने सनदी अधिकारी. ते अध्यक्षपद सोडून आले आणि १९६५ च्या जानेवारीत त्यांनी ‘इकॉनॉमिक वीकली’त लेखमाला लिहिली. हे साप्ताहिक आपल्या मुंबईतून निघत असे. गुप्तांनी विचारलेले प्रश्न एखाद्या कुणब्याने विचारावे तसे होते. माती किती खोल आहे? तिच्यात पाणी राहते का? मातीची पुरेशी पारख केल्यावाचून गावे का वसवली? ह्या जमिनीत जे पिकते त्यावर कुटुंबाचे वर्ष निघते का? शेतीवाचून दुसरे काम मिळणार म्हणून सांगितले होते, ते मिळाले का? उत्तरे बहुतेक ठिकाणी निराशाजनक होती. माणसे कामचुकार नव्हती. त्यांना दिलेली जमीनच त्यांना पोसू शकत नव्हती.

अशीच पाहणी पुढे आपल्याकडेही झाली. कोयना धरणामुळे उठलेल्या लोकांचे काय झाले हे इरावती कर्वे आणि जाई निंबकर ह्यांनी शोधले, आणि ती पाहणी १९६९ मध्ये डेक्कन कॉलेजने प्रसिद्ध केली. कोयनेचे लोक परचक्रामुळे आले नव्हते, हे खरे; पण घर उठले म्हणजे शेजार, देवस्थान, सोयरिकीची गावे हे सगळेच उठते, हे दोन्हीकडे सारखे. त्याचा हिशेब रुपयांत होत नाही.

दंडकारण्याचा निकाल मात्र कोणत्याही पाहणीने लागला नाही. तो निर्वासितांनी आपल्या पायांनी दिला. सुटी-सुटी कुटुंबे पहिल्यापासून पळून जातच होती. १९७८ मध्ये लाखाच्या वर माणसे दंडकारण्य सोडून बंगालकडे चालू लागली. बहुतेकांना परत पाठवण्यात आले. काही हजार मात्र सुंदरबनातल्या मरिचझापी बेटावर जाऊन राहिली. त्यांनी कुणाची मदत न घेता तिथे बांध घातले, होड्या बांधल्या, शाळा सुरू केली. १९७९ च्या जानेवारीत सरकारने बेटाची नाकेबंदी केली, गोळीबार झाला, आणि मे महिन्यात बेट बळाने रिकामे करण्यात आले. किती माणसे मेली ह्याचा वाद अजून मिटलेला नाही. वीस वर्षांच्या पुनर्वसनाची शिल्लक पाहावयाची तर ती ह्या बेटावर पाहावी लागते.

ह्याचा अर्थ सगळेच गेले असा नाही. जिथे पुढे बंधाऱ्यांचे पाणी पोचले तिथे पुष्कळ कुटुंबे टिकली. आपल्या गडचिरोली जिल्ह्यातही, चामोर्शी आणि मुलचेरा भागांत, बंगाली निर्वासितांची गावे आहेत. तिथे भातशेती होते, तळ्यांत मासे पाळले जातात आणि दुर्गापूजेचा ढाक वाजतो. तीच माणसे, तेच दुःख. पाणी असलेल्या गावात एक परिणाम आणि नसलेल्या गावात दुसरा. मग दोष माणसाच्या स्वभावाचा की जमिनीचा, हे शोधून काढावयास सारख्याला सारखे लावून पाहण्यावाचून उपाय नाही.

* * *

ही सारख्याला सारखे लावून पाहण्याची रीत पुढे ज्या कामाच्या आधारे रुजली, त्याची सुरुवातही पुन्हा सिल्हेटमधून आणि पुन्हा निर्वासितांतूनच झाली, हा इतिहासातला चमत्कारिक योगायोग.

१९७१ मध्ये सुमारे एक कोटी माणसे पूर्व पाकिस्तानातून भारतात आली आणि बांगला देश झाल्यावर परतली. परतलेल्यांची गावे जळालेली होती. तेलकंपनीतली बडी नोकरी केलेल्या फझले हसन आबेद ह्या सिल्हेटच्या सुपुत्राने लंडनमधले आपले घर विकले आणि १९७२ मध्ये सुल्ला भागात काम सुरू केले. त्याची संस्था म्हणजे ‘ब्रॅक’. पहिल्या नऊ महिन्यांत सुमारे १४,००० घरे पुन्हा उभी राहिली, कोळ्यांसाठी शेकडो होड्या झाल्या. पण आबेदच्या लक्षात आले की घर झाले तरी दारिद्र्य त्याच घरात बसून राहते. तीस वर्षांच्या अनुभवानंतर, २००२ मध्ये, संस्थेने सर्वांत गरीब बायकांसाठी नवी योजना काढली. एक गाय किंवा काही शेळ्या, ती पाळण्याचे शिक्षण, जनावर दूध देईपर्यंत थोडा निर्वाहखर्च, बचतीची सवय, औषधपाणी, आणि दोन वर्षे दर आठवड्याला घरी येणारा कार्यकर्ता.

ही योजना तपासण्याची युक्ती मोठी मजेची आहे. पात्र कुटुंबांची यादी करावयाची आणि चिठ्ठ्या टाकावयाच्या. ज्यांची चिठ्ठी निघाली त्यांना मदत. बाकीच्यांची फक्त विचारपूस. दोन्ही गट आरंभी सारखेच, त्यामुळे पुढे पडलेला फरक मदतीचाच. पंजाबी आणि बंगाली ह्यांच्या तुलनेत जे राहून गेले होते ते नेमके हेच. इथिओपिया, घाना, होंडुरास, भारत, पाकिस्तान आणि पेरू ह्या सहा देशांत दहा हजारांवर माणसांची अशी पाहणी झाली, तिचे निष्कर्ष २०१५ मध्ये आले. तिच्या कर्त्यांत अभिजित बॅनर्जी होते. त्यांची आई निर्मलाबाई माहेरच्या पाटणकर, म्हणून आपल्याला थोडा जास्त अभिमान. मदत संपल्यानंतर वर्षभरानेही कुटुंबे पूर्वीपेक्षा बरे खात होती, अधिक कमावत होती. पश्चिम बंगालमध्ये तर दहा वर्षांनीही फरक टिकून होता. होंडुरासमध्ये मात्र डाळ शिजली नाही. तिथे पुष्कळांना कोंबड्या दिल्या होत्या आणि त्या रोगाने मेल्या. पन्नास वर्षांपूर्वी कुणी म्हणाले असते, होंडुरासचे लोकच आळशी! आता कोंबड्यांवर बोट ठेवता येते.

अर्थात ही कुटुंबे गरीब असली तरी आपल्या गावात होती. छावणीतल्या माणसाचे काय? २०१७ मध्ये म्यानमारमधून सात लाखांवर रोहिंग्या बांगला देशात आले. कॉक्स बाजारच्या छावण्यांत काही संशोधकांनी ७४५ निर्वासितांचे गट पाडले. एका गटाला दोन महिने थोडे काम आणि त्याचा मोबदला. दुसऱ्याला तेवढीच रक्कम, पण कामावाचून. तिसऱ्याला ह्यांपैकी काही नाही. २०२२ मध्ये निष्कर्ष छापले गेले. काम मिळालेल्यांचे मन खूपच सावरले. नुसत्या पैशाने त्या मानाने फारसा फरक पडला नाही. काम केलेल्यांपैकी शेकडा ६६ जण म्हणाले, पैसे न मिळाले तरी काही काळ आम्ही हे काम करू. हे वाचताना मला फरीदाबादचे विटा वाहणारे दुकानदार आठवले. ‘शरणार्थी’ नको, ‘पुरुषार्थी’ म्हणा, असे जे म्हणाले होते, त्यांच्या शब्दाला सत्तर वर्षांनी पुरावा मिळाला.

पण ह्या पाहणीतही चिठ्ठ्या टाकून तपासता न येणारी एक गोष्ट राहतेच. कॉक्स बाजारच्या छावणीला कुंपण आहे आणि तिथल्या माणसाला बाहेर जाऊन रीतसर रोजगार करण्याचा हक्क नाही. त्याला गाय द्या, शिवणयंत्र द्या, कौशल्य द्या. त्याचा माल कुंपणापर्यंतच जाणार. उल्हासनगरच्या पोराजवळ पापडांचा डबा आणि लोकलचे तिकीट एवढेच भांडवल होते असे आपण म्हणतो, ते पुरते खरे नाही. तो ह्या देशाचा नागरिक होता. मुंबईच्या कोणत्याही गल्लीत जाऊन ओरडून माल विकावयाला त्याला कुणाचा परवाना लागत नव्हता, आणि त्याचा बाप निवडणुकीत मत देत होता. सरकारी अहवालात बराकी, कर्जे आणि शिध्याचे आकडे आहेत. ह्या मोकळेपणाचा रकाना नाही, कारण तो कुणी ‘वाटला’ नव्हता. दंडकारण्यात जमीन वाटली गेली, पण कुठे राहावयाचे हे ठरवण्याची मुभा काढून घेतली गेली. तिथला हिशेब कसा संपला ते वर सांगितलेच आहे.

आजही जगात कोट्यवधी माणसे घराबाहेर आहेत आणि त्यांच्यासाठी नव्या योजना आखल्या जात आहेत. त्या तपासणाऱ्यांनी चिठ्ठ्या जरूर टाकाव्या, कणगी जरूर मोजावी, आणि पाच-दहा वर्षांनी पुन्हा दार ठोठावून पाहावे. त्याबरोबर एक प्रश्न त्या घरच्या माणसालाही विचारावा: उद्या सकाळी तुला इथून कुठे जायचे असेल तर जाता येईल का? उत्तर ‘हो’ असूनही तो तिथेच राहिला असेल, तर पुनर्वसन झाले असे खुशाल लिहावे.